रंगूनचं टोक

आमच्या घरमालकांना विमानाचा आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. जेवत असले तरी घास हातात धरून ते अंगणात यायचे, मान वर करायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला सांगायचे, "मद्रास-नागपूर. आता अर्ध्या तासात उतरते." मग घास तोंडात घालून आत जायचे. आभाळ भरलेलं असलं आणि विमान दिसलं नाही, तर ढगांकडे असे रागावून बघायचे की जणू कोणी मुद्दाम त्यांच्या आड उभं राहिलं आहे.

आमचं गाव चांद्याहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं, लाकडाच्या डेपोमुळे वसलेलं. घरमालक डेपोत मोजणीबाबू होते. सगळे त्यांना नुसतं बाबू म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो. माझे वडील डेपोच्या फाटकावर चौकीदार. बाबूंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत वडील, आत्या आणि मी असे भाड्याने राहत होतो. आई मी लहान असतानाच गेली होती. बाबूंना बायकामुलं नव्हती. त्यांचं लग्न झालं होतं की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. मी तशी कोणालाच काही विचारत नसे.

जंगलातून बैलगाड्यांवर सागाची लाकडं यायची. बाबू प्रत्येक लाकडाच्या मध्यावर टेप गुंडाळायचे, मग लांबी घ्यायचे आणि वहीत घनफूट लिहायचे. शाईची पेन्सिल जिभेला लावून लिहायची सवय, त्यामुळे त्यांची जीभ नेहमी जांभळी असायची. सागावर साल असते. सालीसकट मोजलं तर घेणाऱ्याचं नुकसान, म्हणून मोजणारा तेवढा भाग वजा करतो. हा डेपोतला नियम, पण बाबूंनी तो सगळ्या जगाला लावून ठेवला होता. कोणी लांबण लावून बोलायला लागलं की म्हणायचे, "साल काढून सांग गा." आत्या बाजारात कोबीची वरची पानं तोडून मग तोलायला द्यायची. हे बाबूंना एकदा कळलं तेव्हा ते इतके खूश झाले, की पुढचा आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बाई शाळेत गेली नाई, पण मोजणी समजते तिले."

त्यांचा दुसरा नियम असा, की मोजताना टेपची दोन टोकं दोन माणसांच्या हातांत पाहिजेत. एकाच माणसाने दोन्ही टोकं धरली की तो स्वतःलाच फसवतो, असं त्यांचं म्हणणं. डेपोत हमाल होते. घरी मी होते.

घरी मोजायचं काय, तर पृथ्वी. बाबूंनी सुताराकडून शिवणीच्या लाकडाचा गोळा करून घेतला होता, मोठ्या कोहळ्याएवढा. त्यावर शाईने देश काढले होते आणि शहरांच्या जागी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या होत्या. लंडन, कैरो, नैरोबी, कराची, मुंबई, नागपूर, कलकत्ता, रंगून, सिंगापूर. मेण लावलेला एक धागा होता, त्याला ठराविक अंतरावर गाठी. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, कारण गावात शाळाच तेवढी होती. तेव्हापासून दुपारची भांडी झाली की बाबूंची हाक यायची, "ये व पोरी, कैरो धर." मी नखाने धाग्याचं टोक कैरोच्या चुकेवर दाबायचे, ते दुसरं टोक मुंबईवर. धागा सगळा मिळून वीतभर. कधी तर चार बोटंच. तेवढ्यासाठी दोन माणसं. आत्या म्हणायची, "एका हातानं डोस्कं खाजवता येते इतक्यात." पण बाबू ऐकायचे नाहीत. अंतर निघालं की त्याला विमानाच्या वेगाने भागायचं, आणि आकडा वहीत. आज कैरो-मुंबई, उद्या नैरोबी-कराची. त्या आकड्याचं पुढे काही व्हायचं नाही. वही मात्र भरत जायची.

मला ते काम आवडायचं. बोलावं लागत नसे.

नागपूरहून पेपर तीन दिवसांनी यायचा. त्यात विमान कंपनीची जाहिरात असली की बाबू ती कापून दुसऱ्या वहीत चिकटवायचे. एकदा डेपो बघायला एक मोठे साहेब आले. बोलता बोलता म्हणाले की पुढच्या महिन्यात लंडनला जाणार आहेत. बाबूंनी लगेच सांगितलं, तुम्ही इतके तास उडाल. साहेब हसले आणि म्हणाले, त्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात, मध्ये दोन ठिकाणी थांबतं विमान. बाबू म्हणाले, "ते तुमचं बसणं झालं साहेब. मी उडणं सांगून राह्यलो." साहेबांनी वडिलांकडे बघितलं. वडिलांनी फाटकाकडे बघितलं.

बाबू स्वतः विमानात कधी बसले नव्हते. एकदाच खास रजा काढून नागपूरच्या विमानतळावर गेले, तारेच्या कुंपणाबाहेर घड्याळ घेऊन उभे राहिले, एक विमान उतरलेलं आणि एक उडालेलं पाहिलं आणि परत आले. आत्याने विचारलं, "बसावं वाटलं नाई जी?" तर म्हणाले, "आत बसून काय समजते? मोजणारा भाईर पायजे."

गाडीवानांशी मात्र त्यांचं बरं जमायचं. जंगलातल्या गावांचे गोंड गाडीवान अंतर मैलात सांगत नसत. एक म्हातारा नेहमी यायचा, तो सांगायचा, "इथून नदी दोन बिड्या." बाबूंनी त्याच्या हातात बिडी दिली, पेटवून घेतली आणि घड्याळ लावून त्याच्याबरोबर नदीपर्यंत चालत गेले. परत येऊन म्हणाले, "बरोबर हाय. दोन बिड्या आणि वर चार झुरके." म्हातारा दिवसभर तक्रार करत होता की बाबूने त्याला रस्त्यात एकदाही थांबू दिलं नाही, पाणीही पिऊ दिलं नाही.

माझं लग्न ठरलं ते रंगूनच्या मुलाशी. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिकडे लाकडाच्या धंद्यात होते. मुलगाही तिथेच मोजणीचं काम करायचा. थोरले भाऊ आणि बाकीचं घर नागपूरला. त्याला मोजून दहा दिवसांची रजा मिळणार होती, त्यात येणं, लग्न आणि जाणं. म्हणून ठरलं असं, की तो गुरुवारी सकाळी रंगूनहून विमानाने निघेल, नागपूरला उतरेल आणि तिथून भावाच्या जीपने वऱ्हाडासकट आमच्याकडे येईल. भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, गुरुवारी गोरज आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या पुढे. यातला कोणता धरायचा, हे नवरदेव गुरुवारी कधी पोचतो यावर होतं. आणि ते सांगणारं माणूस आमच्याच ओसरीवर बसलेलं होतं.

भटजी, वडील आणि नागभीडहून आलेले माझे चुलतकाका समोर बसले. बाबूंनी गोळा आणला आणि मला हाक मारली. आपल्याच लग्नाच्या बोलण्यात मुलीने येऊन बसायचं म्हणजे काय, पण दुसरं टोक धरायला कोणी तरी हवंच होतं. मी खाली मान घालून रंगून धरलं. बाबूंनी नागपूर धरलं.

"सरळ साडेअकराशे मैल," बाबू म्हणाले. "सात तास धरा. निघते तिकडचे सातले, म्हणजे आपले सकाळचे सहा. एक वाजता नागपूर. जीपचे चार तास. पाच वाजता नवरदेव फाटकावर. गोरज साडेसहाला. दीड तास वर उरते, चहा प्या."

"पक्कं ना बाबू?" काकांनी विचारलं.

"साल काढून सांगून राह्यलो," बाबू म्हणाले. "हे अंगचं लाकूड हाय."

मला माहीत होतं की विमान सरळ येत नाही. दिवाळीला त्या मुलाचं वडिलांना पत्र आलं होतं. वडिलांना वाचता येत नसे, म्हणून मीच ते वाचून दाखवलं होतं. त्यात एक ओळ होती, की कलकत्त्यास विमान बदलावे लागते व तेथे बराच खोळंबा होतो. वडिलांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या लेखी कलकत्ता काय आणि रंगून काय, दोन्ही सारखीच लांब. बाबूंनी पत्र पाहिलं नव्हतं. मी रंगूनच्या चुकेवर नख दाबून बसले होते आणि ती ओळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. मग मी स्वतःला सांगितलं, की बाबूंना एवढं माहीत असणारच. आणि चार पुरुषांसमोर मी लग्नाच्या वेळेबद्दल बोलले असते, तर आत्याने मला नंतर सोडलं नसतं. गुरुवारचा गोरज मुहूर्त ठरला. सगळ्यांनी चहा घेतला.

गुरुवारी जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव झाला. मला सकाळीच हळद लागली. पाच वाजले, साडेपाच वाजले. बाबू फाटकावर घड्याळ हातात घेऊन उभे होते. सहाला रस्त्यावर धूळ उडाली म्हणून पोरं धावली, तर ती आमच्याच गावातल्या म्हशींची होती. सूर्य बुडायला आला, भटजी अंतरपाटाची घडी घालून आणि उलगडून दमले. ना नवरदेव, ना वऱ्हाड, ना निरोप.

मग मांडवात बोलणं सुरू झालं. आमच्याकडे तेव्हा असं होतं, की अंगाला हळद लागलेली मुलगी मुहूर्त टळून तशीच राहिली तर ती बिघडली असं समजत. पुन्हा तिला स्थळ येत नसे. अशा वेळी मांडवात जो कोणी जातीतला मोकळा पुरुष असेल, त्याच्याशी लग्न लावून टाकत. चुलतकाका आपल्या साळ्याला बरोबर घेऊन आले होते. त्याची बायको वारून वर्ष झालं होतं. वय चाळिशीच्या पुढे, नागभीडला धानाची शेती. कोणी तरी त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळायलाही घेतला होता.

"बाबू," काका मोठ्याने म्हणाले, "तुमचं विमान झाडाले तं नाई अडकलं?"

मांडव हसला. बाबू तडक घरात आले, सरळ आमच्या खोलीत, जिथे मी बायकांत बसले होते. त्यांच्या काखेत गोळा होता.

"चाल, रंगून धर."

"अवो बाबू, नवरी हाय ते!" आत्या ओरडली. "काई लाजशरम?"

"धर म्हणतो ना. आकडा पाह्यचा हाय पुन्हा."

बायका बघत राहिल्या. मी हळदीच्या हाताने धागा धरला. बाबूंनी मोजलं, ओठ हलवत भागाकार केला, पुन्हा मोजलं. आकडा तोच येत होता. नागपूरचं टोक त्यांच्या हातून दोनदा सुटलं. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाहेर फेट्याचे वेढे चालू होते.

मी म्हटलं, "बाबू, कलकत्त्याला विमान बदलते."

ते थांबले. "कोणं सांगतलं?"

"पत्रात होतं. दिवाळीच्या."

"थांबते किती?"

"बराच खोळंबा होतो, असं लिहिलं होतं."

बाबूंनी धागा माझ्या हातातून काढून घेतला. त्याचं एक टोक पिवळं झालं होतं. त्यांनी तेच टोक कलकत्त्याच्या चुकेवर टेकवलं. मग स्वतःशीच म्हणाले, "साल काढून टाकली मी. त्यातच तं माणूस बसलेला हाय." कात्रणांची वही आणवली, पानं उलटली, रात्रीच्या टपाल-विमानाच्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि उठले.

मी दाराच्या फटीतून पुढचं पाहिलं. बाबू मांडवाच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मोजणी चुकली."

त्यांनी हे वाक्य याआधी कधी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. डेपोतले हमाल सगळे मांडवात होते. ते एकमेकांकडे बघायला लागले.

"पोरगा कलकत्त्याले बसून हाय," बाबू म्हणाले. "तिथून रातचं टपालाचं विमान येते नागपूरले, बारा वाजता. रातच्या वक्ती जंगलातून जीप कोणी आणत नाई. पाहाटे पाचले निघते. नऊले इथी."

"दुपारी पाच म्हणत होते," काका म्हणाले, "आता उद्या नऊ म्हणता. उद्या म्हणसान परवा. लाकूड चुकलं तं पुन्हा मोजता येते बाबू. पोरगी चुकली तं काय कराचं?"

"काई करता येत नाई," बाबू म्हणाले. "म्हणून सांगून राह्यलो."

सगळे वडिलांकडे बघत होते. वडील बोलायला माझ्यासारखेच. ते खांबाला धरून उभे होते. तसेच म्हणाले, "पंधरा वर्सं बाबूच्या आकड्यावर फाटक उघडलं मी. लाकूड बाहेर जाऊ द्याचं का नाई, ते बाबूनं सांगतलं, मी ऐकलं." मग थांबले. सगळ्यांना वाटलं पुढे काही म्हणतील. ते भटजींना म्हणाले, "उद्याचा मुहूर्त धरा."

"पाहा बाप्पा," काका म्हणाले. "पोरगी तुमची हाय. मंग मले म्हणू नोका."

नागभीडचा पाहुणा फेटा अर्धा बांधलेल्या अवस्थेत बसला होता. तो म्हणाला, "मले काई घाई नाई जी. जेवण तयार असन तं मी जेवून घेतो." आणि तो खरंच जेवायला बसला. माणूस वाईट नव्हता.

ती रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. झोप लागली नाही, एवढंच.

सकाळी सातपासून बाबू पुन्हा फाटकावर. नऊ वाजले. सव्वानऊ. साडेनऊला काकांनी पाहुण्याला पुन्हा फेटा बांधायला सांगितला. तो म्हणाला, "काल बांधला, काल सोडला. आज जीप नाईच आली, तवा पाहू." नऊ चाळीसला जीप आली, मागे वऱ्हाडाची लॉरी. रस्त्यात लॉरीचं चाक बसलं होतं. नवरदेवाचे डोळे लाल, अंगावरचा कोट चुरगळलेला, आणि तो उतरतो न उतरतो तोच बाबू त्याच्यासमोर गेले. हार घेऊन आलेल्या बायकांना त्यांनी हाताने अडवलं.

"कलकत्त्याले किती वेळ बसला?"

नवरदेव गोंधळला. "साडेनऊ तास जी. देवी टोचल्याचा कागद पाहत होते. मंग रातच्याच विमानात जागा होती."

"साडेनऊ," बाबू म्हणाले आणि उभ्याउभ्या वहीत लिहिलं. मग बाजूला झाले. सव्वादहाला लग्न लागलं. बाबू मांडवाच्या कडेला बसून होते. अक्षता पडताना त्यांनी मान वर केली नाही, वहीत काहीतरी जुळवत होते.

नवरदेव आठ दिवसांनी परत गेले. मला रंगूनला नेण्याचे कागद व्हायला सहा महिने लागणार होते, तोवर मी माहेरीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी बाबूंनी हाक मारली. मी गेले, पण गोळा बाहेर काढलेला नव्हता. ते म्हणाले, "तुले मालूम होतं. मंग त्या दिवशी बोलली काऊन नाई?"

मी खाली बघत राहिले.

ते म्हणाले, "आठ वर्सं टोक धरून राह्यली तू. मी एकडावही विचारलं नाई." एवढं बोलून ते डेपोत गेले.

त्यानंतर त्यांना एक नवी सवय लागली. डेपोत प्रत्येक लाकडाला टेप लावला की आकडा लिहायच्या आधी ते पलीकडचं टोक धरलेल्या हमालाला विचारायचे, "तुझं काई म्हणणं?" हमालांना पहिले काही दिवस वाटलं बाबूला ऊन लागलं. एक जण म्हणाला, "म्हणणं काय बाबू, लाकूड जड हाय." बाबूंनी त्याच्याकडे नीट बघितलं, लाकूड फिरवून पाहिलं, आत पाणी भरलेली पोकळी निघाली. तेव्हापासून हमाल मुद्दाम काहीबाही सांगायचे. माझी बायको माहेरी गेली, मला खाज सुटली. बाबू सगळं ऐकून घ्यायचे. डेपोचं काम अर्ध्यावर आलं. वडील म्हणायचे, फाटकावर गाड्यांची रांग लागते, पण बाबू आता घाई करत नाहीत.

मी रंगूनला निघाले त्या दिवशी नवरा न्यायला आला होता. जीप दारात उभी होती. बाबू वही घेऊन आले. पूर्ण प्रवास त्यांनी लिहून काढला होता, उडणं वेगळं, बसणं वेगळं, जीपचं वेगळं, खाली सगळ्याची बेरीज. त्यांनी तो कागद नवऱ्याला न देता माझ्यासमोर धरला.

"तुझं काई म्हणणं?"

आत्या रडत होती, वडील सामान बांधत होते, नवरा घड्याळाकडे बघत होता. बाबू पेन्सिल घेऊन उभेच. मी बोलेपर्यंत ते हलणार नाहीत हे कळत होतं.

मी म्हटलं, "विमानात उलटी होते म्हणतात."

त्यांनी तेही लिहून घेतलं.